माझी पुस्तकं, बाबांच्या कॅसेट्स आणि कपाटाची किल्ली



'माझा छंद' किंवा 'माझा संग्रह' हा निबंध आपण चौथी-पाचवीच्या वर्गाला दरवर्षी देतो. मुलं पोस्टाची तिकिटं, जुनी नाणी, रंगीत दगड असं काहीबाही लिहून आणतात. त्यातली निम्मी तिकिटं-नाणी निबंधाच्या पुस्तकातून आलेली असतात, हे आपल्यालाही माहीत असतं. सात-आठ वर्षांपूर्वी असाच निबंध लिहायला दिला, तेव्हा मागं बसणाऱ्या एका मुलानं मलाच विचारलं, "मॅडम, तुमचा संग्रह काय हाय?"

मी सांगितलं, "पुस्तकं आणि गाण्यांच्या कॅसेट्स."

तो म्हणाला, "मंग आणा ना एखाद दिवस. आमी पाहतो."

प्रश्न साधा होता, पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण तोपर्यंत माझ्या संग्रहातलं एकही पुस्तक मी शाळेत नेलं नव्हतं. हा लेख त्या मुलाच्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे. पुस्तकं आवडणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला आणि पालकाला माझं एक मत सांगायचं आहे. आपला आवडता संग्रह मुलांच्या हाताला लागत नसेल, तर शिक्षक म्हणून त्याचा उपयोग शून्य आहे. आणि तो मुलांच्या हाती दिला, तर त्यातलं काही फाटणार, काही हरवणार. तेवढं नुकसान सोसायची तयारी आपण आणि आपल्या व्यवस्थेनं ठेवायला हवी.

काचेमागचा संग्रह

आधी माझ्या कपाटात काय आहे ते सांगते. डी.एड.ला असताना पहिलं पुस्तक घेतलं ते गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न'. चौथीच्या वर्गावर गोष्टींपासून सुरुवात करणाऱ्या शिक्षकाची ती कहाणी. परीक्षेपुरतं वाचायचं म्हणून घेतलं आणि रात्रभरात संपवलं. त्यानंतर शिक्षणसेवक म्हणून लागले. मानधन होतं 3,000 रुपये. पहिल्या मानधनातून 'तोत्तोचान' घेतलं. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे पुस्तक जपानमध्ये 1981 मध्ये आलं. रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारी तोमोए शाळा आणि पहिल्याच दिवशी एका बडबड्या मुलीचं बोलणं तासन् तास ऐकून घेणारे कोबायाशी मुख्याध्यापक, हे वाचून मला आपल्या दोन खोल्यांच्या शाळेची लाज वाटेनाशी झाली.

मग व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आली. धनगरांच्या वाडीत एकट्यानं जाऊन शाळा उघडणारा तो कोवळा मास्तर प्रत्येक नव्या शिक्षकानं भेटावा असा आहे. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' हे तर आपल्या कापसाच्या मुलखात प्रत्येक शाळेत असावं असं पुस्तक. कापसानं दमलेल्या जमिनीत भुईमूग घ्या, असं शेतकऱ्याला पटवून देणारा शास्त्रज्ञ आपल्या मुलांना लगेच कळतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आणि माधुरी पुरंदरे यांची चित्रांची पुस्तकं तर वर्गात कधीही काढावीत अशी. शिवाय 'किशोर' मासिकाचे जुने अंक. बालभारतीचं हे मासिक 1971 पासून निघतं आणि माझ्याकडचे काही अंक माझ्या जन्माच्याही आधीचे आहेत.

लग्न झालं तेव्हा रुखवतासोबत पुस्तकांची दोन खोकी सासरी आली. बायका हसल्या. सासऱ्यांनी मात्र काचेची दारं असलेलं कपाट करवून दिलं. त्याला कुलूपही होतं. पुस्तकं विषयवार लावली, कव्हरं घातली, पहिल्या पानावर नाव आणि तारीख टाकली. घरी येणारा प्रत्येकजण म्हणायचा, "किती छान संग्रह आहे हो तुमचा!" मला ते ऐकायला आवडायचं. पाहुण्यांची मुलं काचेला नाक लावून आत बघत, आणि मी चहा ठेवायला आत जाई. किल्ली पर्समध्येच असे.

बाबांच्या रिकाम्या डब्या

गाण्यांचा संग्रह मूळ माझा नाही, बाबांचा. ते जिनिंगमध्ये कामाला होते. हंगामात घरी यायचे ते डोक्यावर, भुवयांवर सरकी-कापसाचा भुगा घेऊन. हातपाय धुतले की टेपरेकॉर्डर लागायचा. त्यांच्याकडे 'गीत रामायणा'च्या कॅसेट्स होत्या. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची ही 56 गीतं पुणे आकाशवाणीवरून 1955 च्या रामनवमीपासून वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झाली होती. बाबा म्हणायचे, "आठवडाभर वाट पाहून एक गाणं ऐकणारे लोक होते. तुम्हाला एक गाणं संपेपर्यंत दम नाही." भीमसेन जोशींची अभंगवाणी होती, लताबाई आणि हृदयनाथांचा 'शिवकल्याण राजा' होता. तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजनं तर आमच्या भागात घराघरांत होतीच. मोझरी आमच्या जिल्ह्याच्या हद्दीपासून काही फार लांब नाही, त्यामुळे महाराज आम्हाला घरचेच वाटतात. नंतर मी कॉलेजला असताना त्यात माझी भर पडली. मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा 'गारवा', संदीप खरे-सलील कुलकर्णी यांचं 'आयुष्यावर बोलू काही'.

बाबांचा रिवाज असा, की कुणीही कॅसेट मागितली की द्यायची. शेजारच्या काकांकडे भीमगीतांचा मोठा साठा होता. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे. 14 एप्रिलच्या आसपास त्यांच्या कॅसेट्स आमच्या घरी यायच्या आणि आमचं 'गीत रामायण' त्यांच्याकडे जायचं. भीमजयंतीला आमच्या घरातून भीमगीतं ऐकू येत आणि त्यांच्या घरातून गदिमा. लहानपणी मला यात काही विशेष वाटलं नाही. शिक्षिका झाल्यावर कळलं की, त्या गल्लीत एकमेकांच्या घरी जेवायला न जाणारी माणसंही एकमेकांची गाणी ऐकत होती.

कॅसेट द्यायची तर बाबा डबी ठेवून घेत. रिकाम्या डबीत कागदाचा चिटोरा घालत, त्यावर घेणाऱ्याचं नाव. कधी कॅसेट परत यायची ती फीत गुंतलेली. मग आम्ही पेन्सिलीनं ती गुंडाळत बसायचो. कधी यायचीच नाही. आई कटकट करायची, "निम्म्या डब्या रिकाम्या झाल्या." बाबांचं उत्तर ठरलेलं असे, "रिकामी आहे म्हणजे कुठंतरी वाजून राहिली असंल."

बाबा गेल्यावर ते खोकं माझ्याकडे आलं. त्यात 19 डब्या रिकाम्या होत्या. 19 चिटोरे होते.

शाळेतलं कपाट

आता शाळेचं सांगते. एका शाळेत मी रुजू झाले तेव्हा माझ्याकडे ग्रंथालयाचा चार्ज आला. आधीच्या सहकाऱ्यांनी साठा नोंदवही समोर ठेवली आणि अभिमानानं सांगितलं, "मोजून घ्या मॅडम. एकही पुस्तक हरवलेलं नाही." खरंच, एकही हरवलेलं नव्हतं. कोऱ्या पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटलेली. देव-घेव रजिस्टरमध्ये पहिल्या पानानंतर काही लिहिलेलं नव्हतं. सर्वांत खालचा कप्पा उघडला तर पुस्तकांच्या जागी माती होती. वाळवीनं कप्पाभर पुस्तकं आतून पोखरली होती, फक्त मुखपृष्ठं उभी होती.

मुलांना दिली नाहीत म्हणून पुस्तकं वाचली असं थोडंच होतं? वाळवीला वाचनालयाचं कार्ड लागत नाही.

मी त्या सहकाऱ्यांना दोष देत नाही. त्यांना भीती होती आणि ती खोटी नव्हती. पुस्तक हरवलं तर चार्ज देताना कमी भरणार, कुणीतरी विचारणार, वसुलीची भाषा निघणार. फाटकं पुस्तक नोंदवहीतून कमी करायचं तर निर्लेखनाचा प्रस्ताव, त्याच्या सह्या, त्याची वाट. त्यापेक्षा कुलूप बरं. आपल्याकडे पुस्तक वाचल्याची नोंद कुणी मागत नाही, पुस्तक जागेवर असल्याची मागतात. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलं आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तकं असतील. पुस्तकं 'असतील' हे आपण पाळलं. ती मुलांच्या घरी जातील, हे राहून गेलं.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. त्यातला पहिलाच आहे, पुस्तके उपयोगासाठी आहेत. इतकी साधी गोष्ट नियम म्हणून का लिहावी लागली? कारण जुन्या काळी युरोपात ग्रंथ चोरीला जाऊ नयेत म्हणून मांडणीला साखळीनं बांधून ठेवत असत. आपल्याकडे साखळी नाही, कुलूप आहे. शाळेच्या कपाटाचं कुलूप पाहून मी मनातल्या मनात नाक मुरडलं आणि संध्याकाळी घरी आले. पर्समधून घराची किल्ली काढताना दुसरी किल्ली हाताला लागली. काचेच्या कपाटाची.

मागं बसणाऱ्या त्या मुलानं प्रश्न विचारला तो त्याच वर्षी. दुसऱ्या दिवशी मी पिशवीत दहा पुस्तकं घालून शाळेत नेली.

पाडव्याला गेलेलं पुस्तक

हे वाचून वाटेल की मी फार उदार झाले. तसं नाही. पुस्तक देताना मी सूचनांची यादी वाचायचे. पान दुमडायचं नाही, हात धुऊन धरायचं, चुलीजवळ न्यायचं नाही, लहान भावाला द्यायचं नाही. मुलं मान डोलवायची.

तीन वर्षांपूर्वी पाचवीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचे वडील गावात सालगडी होते. विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको, सालगड्याचं साल गुढीपाडव्याला बदलतं. इतरांच्या दारात गुढी उभी राहते तेव्हा या माणसांचं सामान बैलगाडीत किंवा मेटॅडोरमध्ये भरलं जात असतं. नवा मालक, नवं गाव. पाडवा येतो मार्च-एप्रिलमध्ये, शाळेची परीक्षा तोंडावर असते आणि पट एकदम कमी होतो.

ही मुलगी अडखळत वाचायची. पण 'तोत्तोचान'मधलं एक प्रकरण मी वर्गात वाचून दाखवलं आणि ती मधल्या सुट्टीत टेबलाजवळ येऊन उभी राहिली. "मॅडम, हे घरी नेऊ काय?" मी क्षणभर थांबले. पहिल्या मानधनाचं पुस्तक होतं ते. पहिल्या पानावर माझं माहेरचं नाव होतं. दिलं, सगळ्या सूचनांसकट. रोज ती सांगायची कुठपर्यंत आलं. एक दिवस विचारलं, "मॅडम, डब्यातली शाळा खरंच होती?" मी सांगितलं, होती, टोकियोत. युद्धात 1945 मध्ये बॉम्बहल्ल्यात जळाली. ती बराच वेळ काही बोलली नाही.

पाडव्यानंतर शाळा भरली तेव्हा ती नव्हती. घर रिकामं होतं. पुस्तकही गेलं होतं.

मला राग आला. आता सांगायला लाज वाटते, पण आधी आला तो रागच. जूनमध्ये दुसऱ्या तालुक्यातल्या एका शाळेतून फोन आला. मुलगी त्यांच्याकडे दाखल झाली होती आणि ऑनलाईन ट्रान्सफरची विनंती मंजूर करायची होती. मी म्हटलं, "हो सर, करते. तिच्याकडे माझं एक पुस्तक आहे, तेवढं विचाराल का?"

सर म्हणाले, "पुस्तकाचं विचारतो मॅडम. पोरगी मात्र चांगली वाचते हो. कुणी शिकवलं?"

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, मी मुलीबद्दल काहीच विचारलं नव्हतं. ती कशी आहे, शाळेत रोज येते का, पाचवीची परीक्षा बुडाली त्याचं काय झालं? तीन महिने गायब असलेल्या आपल्या विद्यार्थिनीबद्दल शिक्षिकेनं पहिला प्रश्न विचारला तो पुस्तकाचा. पुस्तक पुढे परत आलं नाही. सरांनी विचारलं की विसरले, मला माहीत नाही. मीही पुन्हा फोन केला नाही.

त्याच पुस्तकात एक प्रसंग आहे. शाळेत रेल्वेचा आणखी एक डबा येतो आणि त्याचं वाचनालय होतं. कोणत्याही वर्गाच्या मुलानं कोणतंही पुस्तक वाचावं, घरी न्यायचं असेल तर न्यावं, असं मुख्याध्यापक सांगतात. ते प्रकरण मी किती वेळा वाचलं असेन! मुलांना वाचून दाखवलंही होतं. पण ते जगायची वेळ आली तेव्हा मी फोनवर पुस्तक मागत बसले.

आपल्या वर्ध्याला हे नवीन नाही

आपण वर्धा जिल्ह्यातले शिक्षक दरवर्षी मुलांची सहल सेवाग्रामला नेतो. बापूकुटी दाखवतो, चरखा दाखवतो. पण एक गोष्ट सांगायची राहते. ज्या पुस्तकानं गांधीजींचं आयुष्य बदललं, असं ते स्वतः आत्मकथेत सांगतात, ते त्यांनी विकत घेतलेलं नव्हतं. 1904 मध्ये ते जोहान्सबर्गहून डर्बनला निघाले होते. त्यांचे मित्र हेन्री पोलाक स्टेशनवर निरोप द्यायला आले आणि प्रवासात वाचायला म्हणून त्यांनी जॉन रस्किन यांचं 'अन टू धिस लास्ट' हातात ठेवलं. ते पुस्तक गांधीजींना खाली ठेवता येईना. त्या रात्री झोप लागली नाही. त्यातून फिनिक्सची वसाहत उभी राहिली आणि पुढे त्यांनी त्या पुस्तकाचं सार गुजरातीत 'सर्वोदय' या नावानं लिहिलं. पोलाक यांनी ते पुस्तक 'माझ्या संग्रहातलं आहे, खराब होईल' म्हणून घरीच ठेवलं असतं तर?

पुढे 1933 मध्ये साबरमती आश्रम बंद करताना तिथला ग्रंथसंग्रह अहमदाबादच्या नगरपालिकेकडे सोपवण्यात आला. त्यानंतर गांधीजी वर्ध्याला आले, मगनवाडीत राहिले आणि 1936 मध्ये तेव्हाच्या शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला गेले. बापूकुटीतली मोजकी मांडणी पाहताना मुलांना हे सांगून बघा.

आणि गोपुरीचं गीताई मंदिर तर आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. विनोबांच्या 'गीताई'चे अठराही अध्याय तिथं उभ्या शिळांवर कोरलेले आहेत. वर छप्पर नाही. ऊन, पाऊस, वारा सगळं त्या अक्षरांवरून जातं. गेल्या वर्षी मुलांना घेऊन गेले होते. दुसरीतला एक मुलगा शिळेवरच्या अक्षरांवरून बोट फिरवत जोडाक्षरं लावत होता. "हात लावू नको" असं सवयीनं माझ्या तोंडात आलं होतं. गिळलं.

"पण मोबाईलवर सगळं आहे की!"

हा प्रश्न पालकसभेत हमखास येतो. खरं आहे. 'किशोर'चे जुने अंक आता इंटरनेटवर मोफत वाचता येतात, 'गीत रामायण' दोन सेकंदांत लागतं. मीही वर्गात ब्लूटूथ स्पीकरवर गाणी लावते, कारण बाबांचा टेपरेकॉर्डर कधीच बंद पडला. 'अग्गोबाई ढग्गोबाई'वर पहिलीचा वर्ग नाचतो तो मोबाईलमुळेच. तंत्रज्ञानाशी माझं भांडण नाही.

पण मोबाईल मुलाला तेच दाखवतो जे त्यानं काल पाहिलं. आवडलेल्या गोष्टीसारखंच काहीतरी पुन्हा. शेजारच्या काकांनी बाबांच्या हातात वामनदादा ठेवले ते बाबांना आधी आवडत होते म्हणून नाही. "हे ऐकून पाहा" असं एक ओळखीचा माणूस म्हणाला म्हणून. संग्रहातून निवडून पुस्तक देणारा माणूस मुलाला ओळखत असतो. कुणाला फास्टर फेणे द्यायचा आणि कुणाला चित्रांचं पुस्तक, हे त्याला कळतं. शिवाय पुस्तक हातात देण्यात एक विश्वास असतो. सालगड्याच्या घरात कुणी उसनं पैसे द्यायला कचरतं. तिथं मॅडमनी स्वतःचं पुस्तक दिलं, ही गोष्ट त्या मुलीनं घरी नक्की सांगितली असेल.

दुसरा आक्षेप, "मुलं फाडतात." हो, फाडतात. माझ्या हिशेबानं तीन वर्षांत अकरा पुस्तकं परत आली नाहीत आणि त्याच्या दुप्पट तरी चिकटपट्टीवर आहेत. पण एक निरीक्षण सांगते. जे पुस्तक सर्वांत जास्त फाटलं तेच सर्वांत जास्त वेळा घरी गेलं होतं. कोरं राहिलेलं पुस्तक मी आता संशयानं बघते.

तिसरा आक्षेप, "याचा परीक्षेत काय उपयोग?" यावर मी वाद घालत नाही. ज्या मुलाला सलग दोन पानं वाचायची सवय लागली त्याला शाब्दिक उदाहरण समजायला वेळ लागत नाही, हे प्रत्येक शिक्षकाला अनुभवानं माहीत आहे.

मुलांकडेही संग्रह असतो

देव-घेव सुरू झाल्यावर आणखी एक गोष्ट झाली. एका मुलीनं पुस्तक परत करताना विचारलं, "मॅडम, आमच्या घरची गाणी चालतात काय?" तिच्या आजीला भुलाबाईची गाणी येत होती. भादव्यातल्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडे पोरी घरोघर भुलाबाईची गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखायला लावतात. आता अनेक गावांत ते कमी होत चाललं आहे. आम्ही एक वही केली. मुलांनी आजी, आत्या, मोठीमाय यांच्याकडून गाणी लिहून आणली. एकाच गाण्याचे तीन घरचे तीन पाठ निघाले आणि कुठला खरा यावर वर्गात जोरदार वाद झाला. आज्यांना शाळेत बोलावलं. ज्यांना सही करता येत नाही अशा बायका त्या दिवशी शाळेत शिक्षिका होत्या.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. ज्या बायकांनी त्या गायल्या त्यांच्या घरात पुस्तकांचं कपाट नव्हतं, पण संग्रह होता. आपल्या मुलांना 'माझा संग्रह' हा निबंध देताना तिकिटं आणि नाणी सुचवण्यापेक्षा हे सुचवायला हवं होतं, असं मला आता वाटतं.

मग करायचं काय?

शिक्षकांना माझी विनंती आहे, आपल्या आवडीची फक्त पाच पुस्तकं उद्या पिशवीत टाका. वर्गात त्यातलं एक पान वाचून दाखवा आणि मुलांना घरी नेऊ द्या. परिपाठात आठवड्यातून एक दिवस आपल्या आवडीचं एक गाणं ऐकवा आणि ते का आवडतं हे दोन वाक्यांत सांगा. सूचनांची यादी मात्र वाचू नका. मी ती बंद केली आहे. पुस्तक देताना आता एवढंच म्हणते, "कसं वाटलं ते सांग."

मुख्याध्यापक आणि अधिकारी वर्गाला विनंती, भेटीच्या वेळी साठा नोंदवहीबरोबर देव-घेव रजिस्टरही उघडून बघा. वापरून फाटलेली पुस्तकं दरवर्षी सोप्या पद्धतीनं निर्लेखित करू द्या. शाळेच्या एकूण पुस्तकांपैकी काही थोडी वापरात जाणारच, हे आधीच मान्य केलं तर कुलपं आपोआप उघडतील. वाळवीनं खाल्लेलं पुस्तक चालतं आणि मुलानं वाचून फाडलेलं चालत नाही, हे कुठलं गणित?

पालकहो, घरात मुलाला त्याची स्वतःची एक फळी द्या. त्यावर गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच ठेवू नका. वाढदिवसाच्या केकमधून थोडे पैसे वाचले तरी एक पुस्तक येतं. ते पुस्तक त्यानं मित्राला दिलं आणि परत आलं नाही, तर रागावू नका. तुमच्या तरुणपणची गाणी त्याला ऐकवा, त्याची तुम्ही ऐका. आवडली नाहीत तरी चालेल.

माझं काचेचं कपाट अजून आहे. किल्ली कुठं ठेवली ते आठवत नाही आणि शोधलीही नाही. वर्गातल्या देव-घेव वहीत 'तोत्तोचान'च्या नोंदीसमोर 'परत आल्याची तारीख' हा रकाना कोरा आहे. पहिल्या वर्षी तिथं लाल पेनानं 'हरवले' असं लिहिणार होते. नंतर बाबांच्या खोक्यातल्या 19 चिटोऱ्यांची आठवण झाली आणि पेन खाली ठेवला.

यंदा जूनमध्ये 'तोत्तोचान'ची नवी प्रत घेतली. पहिल्या पानावर नाव टाकलेलं नाही. सध्या ती चौथीतल्या एका मुलाकडे आहे.